टी-ट्वेंटीचा अंतिम सामना आणि घरी तीस पाहुणे: खाण्यापिण्याचा बेत कसा आखावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मे महिन्यातल्या एका रविवारी, संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा आयपीएलचा अंतिम सामना पाहण्यासाठी पुण्यातल्या आपल्या घरी तीस माणसे जमणार आहेत, त्यांत सहा मुले आणि चार-पाच वयस्कर मंडळी आहेत, काही जण मांसाहार करतात, एका कुटुंबाला कांदा-लसूण चालत नाही, तेव्हा काय करावे, किती करावे आणि कधी वाढावे? गेली बावीस वर्षे मी घरगुती समारंभांच्या जेवणाच्या ऑर्डरी घेत आले आहे आणि सामन्याच्या रात्रींचे बेतही पुष्कळ केले आहेत. त्या अनुभवावरून माझे मत पहिल्यांदाच सांगते. वाढदिवसाला किंवा डोहाळजेवणाला जो बेत शोभतो, तो सामन्याच्या रात्री चालत नाही. तिथे पाहुणे जेवणासाठी आलेले असतात. इथे ते खेळासाठी आलेले असतात आणि सगळ्यांचे डोळे पडद्यावर असतात. म्हणून पदार्थ निवडताना चवीच्याही आधी दोन गोष्टी पाहाव्यात: तो पदार्थ एका हातात वाटी धरून खाता येतो का, आणि तो वाढण्यासाठी घरातले कोणी ऐन सामन्यात गॅसपाशी अडकून पडते का. अडकून पडत असेल, तर पदार्थ कितीही आवडीचा असला तरी त्या रात्री तो बाद करावा.

हे मी इतके ठामपणे का म्हणते, ते सांगायला हवे. 2 एप्रिल 2011 रोजी वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना होता आणि त्या दिवशी एका घरची पावभाजीची ऑर्डर माझ्याकडे होती. भाजी मी पोहोचवली होती, पाव तिथेच ताज्या लोण्यावर भाजायचे ठरले होते, आणि ते काम त्या घरातल्या काकूंनी अंगावर घेतले. काकूंना क्रिकेटची मनापासून आवड. 1983 चा विश्वचषकाचा अंतिम सामना त्यांनी शेजाऱ्यांकडे बसून पाहिलेला. रात्री पावणेअकराच्या सुमारास धोनीने श्रीलंकेच्या कुलशेखराला विश्वचषक जिंकून देणारा तो षटकार मारला, तेव्हा काकू तव्यापुढे होत्या, हातात कालथा होता आणि तव्यावर चार पाव होते. दिवाणखान्यातला आरडाओरडा ऐकून त्या धावत बाहेर आल्या, आणि त्यांना दिसले ते फेरप्रक्षेपण. अठ्ठावीस वर्षांनी आलेला तो क्षण त्यांच्या हातून माझ्या बेतामुळे निसटला, हे मला आजही बोचते. त्यानंतर सामन्याच्या रात्री तव्यावरचा किंवा कढईतला पदार्थ मी आयत्या वेळेसाठी ठेवलेला नाही.

आता सामन्याचे घड्याळ पाहू. नाणेफेक सातला होते आणि पहिला चेंडू साडेसातला पडतो. वीस षटके संपायला, मधल्या विश्रांतीसकट, बहुधा सव्वानऊ ते साडेनऊ होतात. प्रत्येक डावात अडीच मिनिटांच्या दोन विश्रांती असतात: पहिली सहाव्या ते नवव्या षटकांच्या दरम्यान, दुसरी तेराव्या ते सोळाव्या षटकांच्या दरम्यान. दोन डावांच्या मध्ये साधारण वीस मिनिटे मिळतात आणि सामना अकरा वाजून गेल्यावर संपतो. पाहुण्यांची भूक मात्र या घड्याळाप्रमाणे चालत नाही. सातला येणारा माणूस दुपारी एकदीडला जेवलेला असतो, म्हणून आल्या आल्या त्याला काहीतरी लागतेच. आणि शेवटच्या पाच षटकांत, सामना अटीतटीचा असेल तर, समोर पंचपक्वान्ने ठेवली तरी कोणी हात लावत नाही. यावरून एक साधी विभागणी निघते. सात ते साडेआठ कोरडे आणि वाफवलेले खाणे, मधल्या वीस मिनिटांत मुख्य पदार्थ, दुसऱ्या डावात फक्त पाणी, ताक आणि मूठभर भडंग, आणि निकाल लागल्यावर गोड.

मधल्या वीस मिनिटांचा हिशोब बहुतेक यजमानांचा चुकतो. पोळी, दोन भाज्या, कोशिंबीर आणि भात असे ताट वाढून घ्यायला एका माणसाला जवळजवळ एक मिनिट लागते. तीस माणसे एकाच रांगेत उभी राहिली, तर शेवटच्या माणसाच्या हातात ताट येईपर्यंत दुसऱ्या डावाची दोन-तीन षटके झालेली असतात. म्हणून मुख्य पदार्थ एका वाटीत मावणारा असावा, आणि टेबल भिंतीला न चिकटवता मध्ये घेऊन दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल असे लावावे. टेबलाची जागा पाहणाऱ्यांच्या पाठीमागे असावी. दूरदर्शन संचाच्या बाजूला किंवा खाली खाणे मांडले, तर वाढून घेणारा प्रत्येक माणूस बाकीच्यांच्या आड येतो. पाण्याचे टेबल वेगळे आणि शक्य तितके दूर ठेवावे, म्हणजे तहानलेल्यांची गर्दी वाढणाऱ्यांच्या गर्दीत मिसळत नाही.

मुख्य पदार्थ म्हणून माझी शिफारस मिसळीची आहे. पावभाजी लोकप्रिय आहे हे मला मान्य आहे, पण तिचा जीव गरम लोणी लावून भाजलेल्या पावात आहे, आणि तव्यापाशी कोणीतरी अडकतेच. बटाटेवडे घरी तळायचे म्हटले, तर साठ वड्यांसाठी कढईपाशी तासभर उभे राहावे लागते. आधी तळून ठेवले तर त्यांचे कव्हर मऊ पडते. मिसळीचे तसे नाही. कट, म्हणजे वरून घालायचा तिखट रस्सा, मुरला की चवीला चढतो, उसळ थांबते, फरसाण कोरडेच असते, पाव भाजावा लागत नाही, आणि एक वाटी तयार करायला पंधरा-वीस सेकंद पुरतात. तिखटाचा प्रश्नही तिथल्या तिथे सुटतो, कारण उसळ सौम्य ठेवून कट वेगळा ठेवला की मुलांना आणि आजी-आजोबांना नुसती उसळ, वर थोडे दही आणि शेव, असे देता येते.

तीस माणसांसाठी प्रमाण असे धरावे. कोरडी मटकी दीड किलो पुरे. मोड आल्यावर ती दुपटीहून जास्त भरते. कट माणशी दोनशे मिलीलीटर धरून सहा लीटर करावा, कारण दुसऱ्यांदा कट मागणारे हमखास असतात आणि मिसळीचा बेत फसतो तो कट कमी पडल्यामुळेच. फरसाण दोन किलो, पाव शंभर, चिरायला कांदे दोन किलो, लिंबे पंधरा, दही एक किलो आणि कोथिंबिरीच्या तीन जुड्या लागतील. पाव त्याच दिवशी दुपारनंतर आणावेत. रविवारी संध्याकाळी बेकरीतला माल लवकर संपतो, म्हणून शनिवारी सांगून ठेवणे चांगले. मटकी शनिवारी सकाळी भिजत घालावी, रात्री निथळून फडक्यात बांधावी. मे महिन्याच्या उकाड्यात रविवारी सकाळपर्यंत मोड येतात. मोड आले की मटकी लगेच फ्रिजमध्ये ठेवावी, नाहीतर दुपारपर्यंत तिला आंबूस वास येऊ लागतो. कांदा आणि सुके खोबरे खरपूस भाजून केलेले वाटण शनिवारीच करून फ्रिजमध्ये ठेवता येते, आणि आदल्या दिवशीच केलेले बरे, कारण मिसळीतले सर्वांत वेळखाऊ काम तेच आहे.

उसळ आणि कट साडेपाचला शिजायला घ्यावेत आणि सातपर्यंत तयार करावेत. दुपारी बारालाच शिजवून ओट्यावर ठेवून देऊ नये. शिजलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू नये आणि उन्हाळ्यात पारा बत्तीस अंशांच्या वर असला तर एका तासापेक्षा जास्त नाही, हा नियम स्वयंपाकाचा व्यवसाय करणाऱ्याने पाळायचाच असतो आणि घरीही पाळावा. म्हणून पातेली झाकून अगदी मंद आचेवर गरम ठेवावीत. पुढची खूण सामन्यातच आहे: पहिल्या डावातली दुसरी विश्रांती लागली की कटाखालची आच मोठी करायची. सहा लीटर कट घरच्या शेगडीवर चांगला उकळायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, आणि साधारण तेवढ्याच वेळात डाव संपतो. कांदाही याच वेळी चिरावा. सकाळी चिरून ठेवलेल्या कांद्याला वास येतो आणि त्या वासाने चांगली मिसळ बिघडते.

कांदा-लसूण न खाणाऱ्या कुटुंबासाठी वेगळा पदार्थ करण्याची गरज नाही. उसळीला हिंग, हळद, मोहरी आणि कढीपत्त्याची फोडणी द्यावी, म्हणजे ती सगळ्यांना चालते. आणि टोमॅटो, खोबरे व गरम मसाला घालून लीटरभर कट लहान पातेल्यात बाजूला करावा. फरसाण विकत घेताना मात्र त्यात लसूण शेव नाही ना, हे विचारून घ्यावे, कारण इथेच नकळत चूक होते. हे कुटुंब जैन असेल, तर मोडाची कडधान्ये त्यांना चालतात का, हे आधी फोन करून विचारावे आणि चालत नसतील तर त्यांच्यासाठी ढोकळा जास्त ठेवावा. मांसाहार करणाऱ्यांसाठी खिमा हा मिसळीचा सख्खा भाऊ आहे: तोही वाटीत जातो, त्यालाही पावच लागतो आणि तोही गरम ठेवता येतो. बारा जणांना दीड किलो खिमा पुरतो. त्याचे पातेले, वाढायचा डाव आणि टेबल वेगळे ठेवावे. शाकाहारी पाहुण्यांच्या मनात शंका राहिली, तर ते भुकेले राहतात आणि बोलूनही दाखवत नाहीत.

सातला येणाऱ्यांसाठी भडंग सर्वांत आधी बाहेर यावे. एक किलो चुरमुऱ्यांचे भडंग तीस जणांना सहज होते. सांगली-कोल्हापूरकडचे तयार आणले तरी उत्तम. त्याच्या जोडीला काकडी-गाजराचे तुकडे, खारवून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, आणि दोन पदार्थ वाफवलेले: ढोकळा आणि कोथिंबीर वडी. कोथिंबीर वडीचे उंडे दुपारी वाफवून गार झाले की फ्रिजमध्ये ठेवावेत आणि सहाच्या सुमारास काप करून थोड्या तेलावर परतून घ्यावेत. माणशी तीन काप धरले तर नव्वद लागतील. ढोकळा चटणीशिवाय द्यावा किंवा सुक्या चटणीबरोबर द्यावा. ओल्या नारळाची चटणी मे महिन्यात दोन तास बाहेर ठेवणे मला पटत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती शेंगदाणे आणि पॉपकॉर्न देऊ नयेत. गडबडीत, उड्या मारताना दाणा घशात अडकण्याची भीती खरी असते, आणि त्या वेळी मोठ्यांचे लक्ष पडद्यावर असते.

वयस्कर मंडळींविषयी एक सूचना आग्रहाने करते. त्यांना साडेनऊपर्यंत थांबवू नये. ज्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या जेवणाच्या वेळेशी बांधलेल्या असतात त्यांनी भुकेले राहणे धोक्याचे असते, आणि वयामुळे ते स्वतःहून मागत नाहीत. आठला, पहिल्या विश्रांतीच्या सुमारास, त्यांच्या जागेवरच मऊ मुगाची खिचडी, कढी आणि पापड असे ताट नेऊन द्यावे. ही चार-पाच ताटे घरच्या मुलांनी न्यावीत. आजोबांना आपली सोय लक्षात ठेवली गेली याचे जे समाधान वाटते, ते मी अनेक घरांत पाहिले आहे.

पेयांचा विचार खाण्याइतकाच नीट करावा लागतो. मे महिना आहे, तेव्हा कैरीचे पन्हे हवेच. एक किलो कैऱ्या उकडून त्यांच्या गराच्या दीडपट गूळ, वेलची, केशर आणि चवीला मीठ घालून अर्क आदल्या दिवशी करून ठेवला, तर त्यात साधारण तीस पेले होतात. आयत्या वेळी फक्त पाणी मिसळायचे. कोकम सरबत करणार असाल तर बाटली नीट पाहून घ्यावी: अमृत कोकम साखरेचे असते आणि सरबताला तेच लागते, आगळ खारट असते आणि ते सोलकढीचे. घाईत आगळाचे सरबत केल्याचे मी दोन घरांत पाहिले आहे. एक लीटर अमृत कोकमात चार लीटर पाणी घातले की दोनशे मिलीलीटरचे पंचवीस पेले होतात. मिसळीबरोबर मठ्ठा ठेवावा, कारण तिखटावर साध्या पाण्यापेक्षा ताकाने लवकर बरे वाटते. दोन किलो दह्यात पाणी, आले, जिरे, कोथिंबीर घालून सहा-सात लीटर मठ्ठा होतो. पिण्याच्या पाण्याचे वीस लीटरचे दोन जार आणावेत आणि बर्फ दहा किलो. बर्फ खाण्याचाच आहे याची खात्री करून घ्यावी. निळसर रंग दिलेला बर्फ माल गार ठेवण्यासाठी असतो, तो पेयात घालायचा नसतो. चहा कोणी ना कोणी मागणारच. तो दर वेळी नव्याने टाकण्यापेक्षा नऊच्या सुमारास तीन लीटर करून थर्मासमध्ये भरून ठेवावा आणि शेजारी कागदी कप ठेवावेत.

मद्याविषयी आपण विचारलेले नाही, पण प्रश्न प्रत्यक्षात येतोच. मुले आणि वयस्कर माणसे असलेल्या बैठकीत ते ठेवू नये, असे माझे मत आहे. तरी ठेवायचेच असेल, तर महाराष्ट्रात त्यासाठी परवान्याचा नियम आहे हे लक्षात घ्यावे, टेबल वेगळ्या खोलीत असावे, त्याआधी पोटात काहीतरी गेलेले असावे, आणि गाडी चालवणारा माणूस कोण हे संध्याकाळीच ठरावे.

पावसाचा विचार केल्याशिवाय बेत पुरा होत नाही. 2023 चा आयपीएलचा अंतिम सामना 28 मे रोजी अहमदाबादला व्हायचा होता. पावसाने तो दुसऱ्या दिवशी गेला, त्या दिवशीही मध्ये पाऊस आला आणि निकाल लागला तेव्हा 30 मे उजाडून रात्रीचा दीड वाजून गेला होता. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना तीनऐवजी पाचला सुरू झाला आणि आपल्या मुलींनी तो 52 धावांनी जिंकला तेव्हा मध्यरात्र होत आली होती. म्हणून सामना ज्या गावी आहे तिथले आकाश पाहूनच उसळ शिजायला घ्यावी. मोड आलेली मटकी आणि वाटण फ्रिजमध्ये आणखी एक दिवस टिकतात. सामना पुढे ढकलला गेला तरी पावांखेरीज फारसे नुकसान होत नाही, हे मिसळीच्या बाजूचे आणखी एक कारण आहे. रात्र लांबली तर हाताशी असावे म्हणून किलोभर जादा भडंग, दोन डझन केळी आणि खारी-बिस्किटे ठेवावीत.

तिथीही पाहावी. 2023 च्या विश्वचषकात भारत-पाकिस्तान सामना 14 ऑक्टोबरला आला, ती सर्वपित्री अमावस्या होती, आणि ज्या घरांत एरवी खिमा झाला असता तिथे त्या दिवशी साधे जेवण झाले. नेदरलँड्सविरुद्धचा सामना 12 नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आला. तेव्हा चकली, शेव, चिवडा घरातच होते आणि पाहुण्यांसाठी वेगळे काही करावे लागले नाही. तो सामना पन्नास षटकांचा होता. दुपारी दोनला सुरू होणाऱ्या अशा सामन्याला मिसळ रात्रीसाठी न ठेवता साडेपाचच्या मध्यंतराला वाढावी आणि रात्री मसालेभात-मठ्ठा एवढेच करावे. परदेशातल्या मराठी घरांचा प्रश्न याच्या उलट आहे. 29 जून 2024 चा टी-ट्वेंटी विश्वचषकाचा बार्बाडोसमधला अंतिम सामना आपल्याकडे रात्री आठला सुरू झाला, तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे साडेदहा आणि कॅलिफोर्नियात साडेसात वाजले होते. तिथे मिसळ आपल्या मूळच्या वेळेला, म्हणजे नाश्त्याला, बरोबर बसते.

एक गोष्ट पाहुण्यांच्या स्वभावाची. भागीदारी रंगली की कोणीही जागा बदलायची नाही, उठायचे नाही, असा दंडक प्रत्येक घरात असतो. मी त्याचा मान राखते. तशा वेळी "या, वाढून घ्या" असे हाक मारून सांगू नये. ट्रेमध्ये दहा वाट्या भरून जागेवर फिरवाव्यात. वाट्या खोल घ्याव्यात, सपाट कागदी ताटल्या नकोत, कारण षटकार गेला की हात उडतो आणि कट सतरंजीवर सांडतो. ओला आणि सुका असे कचऱ्याचे दोन डबे दाराजवळ उघडे ठेवावेत.

गोड म्हणून निकालानंतर आंब्याच्या फोडी किंवा आइस्क्रीम पुरे. आंबे पंधरा-सोळा घेऊन दुपारी पाण्यात ठेवावेत, चिरावेत मात्र शेवटच्या षटकानंतर. उरलेली उसळ पसरट भांड्यात काढून गार करावी, लगेच फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी खळखळून उकळून खावी. रात्रभर बाहेर राहिलेला चिरलेला कांदा आणि उरलेले दही टाकून द्यावे. मुख्य म्हणजे, आच मोठी करणे, ट्रे फिरवणे, आजोबांचे ताट नेणे आणि चहा भरणे या चार कामांवर चार वेगवेगळ्या माणसांची नावे कागदावर लिहून तो कागद शनिवारीच फ्रिजच्या दारावर लावून ठेवावा. त्यात दोन नावे तरी घरातल्या पुरुषांची असावीत.